गच्चीवरची झटका तार

सूर्य फुकट आहे असं जो कोणी पहिल्यांदा म्हणाला, त्याच्या घरावर वानरं येत नसणार. आमच्याकडे येतात. वर्ध्याच्या कडेला, सावंगीच्या वाटेवर आमचा लेआऊट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, आहे. त्यातल्या शेवटच्या ओळीत आमचं घर, घरामागे जुने कडुनिंब आणि त्या कडुनिंबांवर वानरांचं एक खानदानी टोळकं. मी त्यांना भितो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढच्या हकिकतीत माझ्यापेक्षा माझ्या भीतीचंच काम जास्त आहे. तसा मी कुत्र्याला भितो, लिफ्टला भितो, आणि ‘ऑफिसातून फोन आला होता’ या वाक्याला तर निवृत्त झाल्यावरही भितो. पण त्या सगळ्या किरकोळ भीत्या. वानर ही मुख्य.

आमच्या घरात सूर्याचा शिरकाव हळूहळू झाला. आधी गच्चीवर सोलर हीटर बसला. ज्या गावात मे महिन्यात नळाचं साधं पाणी हात भाजतं, तिथे पाणी तापवायचं यंत्र का घ्यावं, हा प्रश्न मी बायकोला, पंचफुलाला, विचारला नाही, कारण मी तिलाही थोडा भितो. मग सूर्यचूल आली. काळी पेटी, वर आरशाचं झाकण. सकाळी तुरीची डाळ ठेवली की दुपारी शिजलेली. पंचफुलाने त्या चुलीतलं वरण सगळ्या लेआऊटला खाऊ घातलं आणि सगळ्या लेआऊटने ‘गॅसवरच्यासारखंच लागते जी’ असं म्हणून तिचा हिरमोड केला. शेवटी आले विजेचे पॅनल. निळेशार, चकचकीत, दक्षिणेकडे तोंड करून बसलेले. मी खाली उभा राहून त्यांच्याकडे पाहत असे. आपल्या डोक्यावर वीज तयार होते आहे या विचाराने ऊर भरून यायचा आणि त्याच विचाराने झोप उडायची.

पॅनल बसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर वानरं बसली. थंडीत तर त्यांनी कमालच केली. सकाळी काच कोवळी तापली की मांडीला मांडी लावून रांगेत, निवृत्त मंडळी बागेत बसतात तशी. एकाने वायर चावली. पॅनलवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, पक्ष्यांची घाण आम्ही धुऊन देतो, वानर करारात नाही. मग मी एका कार्यालयात गेलो. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण तिथून मला अजून उत्तर यायचं आहे. तिथल्या साहेबांनी मला कायदा समजावून सांगितला, “वानर झाडावर आहे तोवर आमचं. घरावर आलं की तुमचं.” मी विचारलं, उडी मारताना हवेत असतं तेव्हा? त्यावर ते म्हणाले की त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल.

शेजारचे अण्णाजी हे आमच्या लेआऊटचे सल्लागार. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीची त्यांना दिशा तरी माहीत असते. ते म्हणाले, “मधुकरराव, वाघाची डरकाळी लावा ना मोबाईलवर. वांदरं बोरच्या जंगलात पळतीन.” मी लावली. वानरांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मी मात्र दोन रात्री दिवा लावून झोपलो. मग त्यांनी रबरी साप सुचवला. तो साप गच्चीवर ठेवल्याचं मी संध्याकाळपर्यंत विसरलो, आणि पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

अशा वेळी चंद्रभान आला. चंद्रभान हा पंचफुलाचा मावसभाऊ, आंजी गावात भाजीपाला करतो. रानडुकरांनी आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, त्याच्या वांग्यांचा खेळखंडोबा केला तेव्हा त्याने वावराभोवती झटका मशीन बसवली होती. छोटी पेटी, तिचं स्वतःचं छोटं पॅनल, तिची स्वतःची बॅटरी, आणि तिच्यातून निघून सगळ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फिरलेली एक तार. तारेला तोंड लावलं की डुकराला झटका बसतो आणि ते पुन्हा त्या वावराचं नाव घेत नाही.

“डुकराले चालते, रोह्याले चालते, मंग वांदराले काऊन नाई चालन?” चंद्रभान म्हणाला.

“आणि माणसाला?” मी विचारलं.

“माणसाले बी चालते ना भाऊजी.”

“म्हणजे माणूस मरतो?”

“मरत नाई हो. पण आठोन ठेवते.”

मला ‘मरत नाही’पेक्षा ‘आठोन ठेवते’ हे जास्त भयंकर वाटलं. पण पंचफुला म्हणाली बसव, आणि त्याने बसवली, अगदी वावराला बसवतात तशी. गच्चीच्या कठड्यावर चारी बाजूंनी खुंट्या, खुंट्यांना पिवळ्या कड्या, कड्यांतून तार. जिन्यातून वानर घरात शिरू नये म्हणून जिन्याच्या दारावरही आडवी तार आणि ती सोडायला प्लॅस्टिकच्या मुठीचा आकडा. पेटी आणि बटण खाली, जिन्याखालच्या कोनाड्यात. पहिल्याच दिवशी टोळीचा म्होरक्या, तो धिप्पाड हुप्प्या, रुबाबात आला आणि त्याने तारेला हात लावला. त्याने जी उडी मारली ती थेट कडुनिंबावर. सगळी टोळी त्याच्या मागे. त्या दिवसापासून एकही वानर आमच्या गच्चीवर उतरलं नाही. ती झाडावर बसून तारेकडे पाहत राहायची.

मला वाटलं, संपलं. पण आता वर जायचं म्हणजे त्या तारेखालून जायचं. पॅनलवर धूळ बसते, ते रोज सकाळी धुवावे लागतात. मी गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालायचो, हातात रबरी मोजे, आणि आकडा सोडायला एक लांब लाकडी काठी. खालचं बटण बंद करून जावं, तर त्या पेटीला हात लावायचीही मला भीती. आकडा सुटला की अंग चोरून, पोट आत घेऊन, श्वास रोखून दारातून बाहेर. परत येताना तसंच. अण्णाजी आपल्या अंगणातून हे पाहायचे आणि विचारायचे, “काय मधुकरराव, चंद्रावर चालले काय?” मी उत्तर देत नसे, कारण श्वास रोखलेला असायचा.

इकडे गच्चीची कीर्ती पसरली. वानरांपासून सुरक्षित अशी लेआऊटमधली एकमेव गच्ची! एप्रिल उजाडला आणि बायका वाळवणं घेऊन आल्या. गहू भिजत घातलेले, चिक काढलेला, आज हिच्या कुरोड्या तर उद्या तिच्या. एकमेकींच्या मदतीला साऱ्या जणी. पंचफुला त्यांची पुढारी, दारावरचा आकडा तीच सोडायची. समोरच्या भावनाबाई, मागच्या ओळीतल्या भागीरथाबाई, साऱ्यांच्या कुरोड्या आमच्या गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदांवर पांढऱ्या फुलांसारख्या पसरल्या. भावनाबाईंच्या लेकीचं लग्न ठरलेलं, म्हणजे त्यांच्या कुरोड्या रुखवताच्या. त्या लग्नघराची इज्जत माझ्या गच्चीवर वाळत होती, हे त्यांनी मला तीनदा बजावलं.

नवतपा लागला. म्हणजे आधीच तापलेल्या वर्ध्यावर सूर्याने खास लक्ष द्यायचे दिवस. पंचफुला नाचणगावला भाचीच्या लेकाच्या बारशाला निघाली. निघताना म्हणाली, “दुपारी कुरोड्या पलटवून ठेवजा. अन् सूर्यचुलीत डाळ हाये. विसरू नका.”

ती गेली आणि मी पुढच्या दाराला आतून कडी घातली. खिडक्या बंद केल्या. ग्रिलला कुलूप लावलं. एकटा माणूस घरात, काळजी घेतलेली बरी. किल्ली खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात, मोबाईल चार्जिंगला. मग गमबूट, मोजे, काठी, आणि मी वर. जिन्याचं दार ओलांडलं, काठीने आकडा पुन्हा अडकवला, काठी दाराशी टेकवली आणि पॅनलकडच्या टोकाला जाऊन भागीरथाबाईंच्या कुरोड्या पलटू लागलो.

तेवढ्यात कडुनिंबावर हलकल्लोळ झाला. कुठूनतरी दुसरी टोळी आली होती आणि आमच्या खानदानी टोळीशी तिची जुंपली होती. फांद्या हलल्या, किंकाळ्या झाल्या, एक फांदी काडकन मोडली, आणि काहीतरी करड्या रंगाचं हवेतून येऊन धप्पकन गच्चीवर पडलं. मोडकी फांदी खाली गल्लीत गेली. गच्चीवर राहिली एक वानरी. तिच्या पोटाला काळंसावळं पिल्लू चिकटलेलं.

तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं. तिने दात दाखवले. माझे मी आपोआप दाखवले, पण ते भीतीने. मग ती मागे सरकत जिन्याच्या दाराशी, छपराच्या हातभर सावलीत जाऊन बसली. गच्चीवर तेवढीच एक सावली होती. आणि खाली जायला तेवढं एकच दार. माझी काठीही तिच्या शेजारीच टेकलेली. फांदी मोडल्यामुळे तिला गच्चीवरून थेट झाडावर परत जाता येईना, आणि कठड्यावर चढायला ती धजेना, कारण कठड्यावर तार. म्हणजे ती माझ्या तारेला भीत होती, आणि मी तिला आणि तारेला दोघांनाही. भीतीच्या हिशेबात मी तिच्या पुढे होतो.

ऊन डोक्यात शिरू लागलं. मी रांगत पॅनलखाली गेलो. पॅनलचा एक उपयोग त्यांच्या माहितीपुस्तकात दिलेला नाही, तो म्हणजे त्यांच्याखाली एक मध्यम बांध्याचा माणूस अंगाचं मुटकुळं करून मावतो. घसा कोरडा पडला. शेजारीच हीटरची टाकी, पाण्याने भरलेली. नळ थोडा सोडला तर वाफ आली. उकळत्या पाण्याशेजारी मी तहानेने मरणार, असं मला दिसू लागलं. पेपरात येणारी ओळही दिसली, ‘निवृत्त लिपिकाचा गच्चीवर वानरासह मृत्यू.’ ‘वानरासह’ हे फार जिव्हारी लागलं.

ओरडायची हिंमत होईना. ओरडलं की ती अंगावर येईल. मग हाताशी असलेल्या सूर्यचुलीकडे लक्ष गेलं. झाकणाचा आरसा वळवून मी अण्णाजींच्या खिडकीवर उजेड पाडला. अण्णाजी दुपारचे झोपले असणार. मी उजेड हलवत राहिलो. बऱ्याच वेळाने खिडकी उघडली आणि अण्णाजी बनियनवर बाहेर डोकावले.

“कोन बे डोयात उजेड मारून राह्यलं? झोपू देत नाई काय मानसाले?”

मी आरसा खाली वर केला. अण्णाजींनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. त्यांना आधी गमबूट दिसले, मग मी दिसलो, मग वानरी दिसली. त्यांनी खिडकी लावून घेतली. पण लगेच बाहेर आले आणि त्यांनी गल्ली जमवली. त्यात त्यांचा हातखंडा आहे.

भावनाबाई पळत आल्या. वर पाहून किंचाळल्या, “अगो बाई! माह्या कुरोड्या! भाऊजी, कुरोड्या खाल्ल्या काय तिनं?”

“नाही,” मी पॅनलखालून हळूच म्हणालो.

“अन् माह्यावाल्या?” भागीरथाबाई.

“त्याही नाही.”

“बरं झालं बाप्पा,” असं म्हणून दोघींनी पदराने तोंड पुसलं. मी जिवंत आहे का, हे कोणी विचारलं नाही. मी बोलतो आहे त्याअर्थी असेन, असं त्यांनी धरलं असावं.

मग सल्ले सुरू झाले. अण्णाजी म्हणाले, आधी वीज बंद करा. त्यांनी भिंतीबाहेरच्या मीटरचा खटका पाडला आणि वर ओरडले, “झालं! आता तार मेली!” मी सांगितलं, मशीन त्या विजेवर नाही, सूर्यावर आहे. सूर्याचा खटका पाडण्याबद्दल अण्णाजींनी थोडा विचार केला. मग चंद्रभानला फोन लावून त्यांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला. चंद्रभान आंजीच्या वावरातून म्हणाला, “सूर्य बुडेलोग थांबा म्हणा भाऊजीले,” आणि मग, “नाई नाई, थांबून फायदा नाई. बॅटरी हाये. रातभर चालते. मशीन चांगली बसवली म्या!” त्याच्या आवाजातला अभिमान गच्चीपर्यंत पोचला.

दार तोडायचं ठरलं. ते सागाचं, आतून कडी, वर ग्रिल, ग्रिलला कुलूप. अण्णाजींनी धक्का देऊन पाहिला आणि म्हणाले, “चोर आला तं हरन. आपण तं घरचेच मानसं.” मग कोणीतरी म्हणालं, तिला खायला टाका, ती दारापासून सरकेल. खायला काय होतं? कुरोड्या. मी एक उचलली.

“ते माह्यावाली हाये!” खालून भावनाबाई. “रुखवताची! पातळ अन् जाळीदार हाये ते माह्यावाली!”

मी ती ठेवून दुसरी उचलली.

“मंग काय माह्यावाली फेकता?” भागीरथाबाई.

जीव धोक्यात असताना मी गमबुटात बसून कुरोड्यांची मालकी तपासत होतो. शेवटी सरपटत जाऊन पंचफुलाच्या कागदावरची एक कुरोडी शोधली आणि फेकली. वानरीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे डोळे तारेवर होते. एकदा तारेवर, एकदा माझ्यावर, परत तारेवर. तिची छाती भात्यासारखी हलत होती. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की हिला माझी कुरोडीही नको आणि मीही नको. हिला फक्त घरी जायचं आहे.

कडुनिंबावर आता सामसूम होती. दुसरी टोळी गेली होती. हुप्प्या आमच्या कठड्यासमोरच्या फांदीवर येऊन बसला आणि त्याने ‘हूप’ असा आवाज टाकला. पिल्लाने आईच्या पोटावरून मान वळवली. तो आवाज ओळखीचा असावा. ते आईपासून सुटलं आणि लडबडत, कुरोड्या तुडवत, कठड्याच्या दिशेने निघालं. वानरी किंचाळली. दोन पावलं पुढे आली आणि तारेकडे पाहून थिजली. पिल्लू कठड्यावर चढलं. तार उन्हात चमकत होती, त्याने तिच्याकडे इवलासा हात पुढे केला.

हुप्प्यासारखं धूड ज्या झटक्याने उडालं, त्याने या चिमुरड्याचं काय होईल? मला त्या क्षणी जे भय वाटलं तसं उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं. गंमत अशी की ते माझ्याबद्दल नव्हतं. मी पॅनलखालून निघालो, डोकं पॅनलला आपटलं, एक गमबूट मागेच राहिला. मोजे कुरोड्या पलटताना काढून ठेवले होते ते तसेच. मी त्या पिल्लाआधी तारेपाशी पोचलो आणि दोन्ही उघड्या हातांनी तार धरून खाली दाबली.

आणि ओरडलो. झटका बसायच्या आधीच ओरडलो, म्हणजे वेळ वाया जायला नको. मी डोळे मिटून ओरडत होतो, आणि ओरडता ओरडता माझ्या लक्षात आलं की झटका बसत नाही. एकही नाही. पण खाली अख्खी गल्ली माना वर करून उभी, ओरडणं सुरू झालेलं, आता मध्येच थांबवणं बरं दिसेना. मी आणखी थोडं ओरडलो. तेवढ्यात वानरी आली, तिने पिल्लू उचललं, माझ्या खांद्यावर एक पाय दिला आणि तिने झाडावर झेप घेतली.

खाली टाळ्या वाजल्या. भावनाबाईंनी डोळे पुसले.  मी जिना उतरून दार उघडलं तर अण्णाजींनी मला मिठी मारली. “सारा करंट पचोला ना जी ह्या मानसानं! एका वांदराच्या लेकरासाठी!” मला लिंबूपाणी पाजण्यात आलं. झटका कसा वाटला असं साऱ्यांनी विचारलं आणि मी त्याचं बऱ्यापैकी वर्णन केलं.

अण्णाजींच्या फोनमुळे पंचफुला बारसं अर्ध्यावर टाकून आली. तिने माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं, एका पायात गमबूट नाही हेही पाहिलं, सगळ्यांना चहा दिला, वाटेला लावलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“झटका बसला म्हणे,” ती म्हणाली.

 मग उठून कोनाड्यात गेलो. मशीनचं बटण बंद होतं. त्यावर धूळ होती, बोटभर नाही, पण बरीच.

“हे कधीपासून बंद आहे?”

“हुप्प्याले झटका बसला ना, त्या दिवशीच म्या बंद केलं. बाया येतेत, लहान लेकरं येतेत वरतं. अन् तुमचा काई भरवसा नाई. घाबरून तिच्यावरच पडले असते.”

इतके दिवस! गमबूट, मोजे, काठी, रोखलेला श्वास, अण्णाजींचा चंद्र. माझा आवाज चढला. “अगं, मग मला सांगायचं नाही? मी रोज जीव मुठीत धरून वर जात होतो!”

“सांगतलं असतं तं तुमी भेले असते काय?”

“कशाला भ्यालो असतो?”

“तेच तं. ते वांदरं तारेकडं नाई पाहत जी. सकायी सकायी झाडावर बसून तुमाले पाहतेत. घरधनीच एवढा भेते, म्हणते, तं तारेत काईतरी असनच. तुमचं भेव गेलं असतं तं माह्या कुरोड्या कोनं राखल्या असत्या?”

 माझ्या भीतीवर एवढा विश्वास आजवर कोणी टाकला नव्हता. ऑफिसात तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनल धुवायला वर गेलो. तार मेलेली आहे हे आता मला माहीत होतं. समोर कडुनिंबावर सगळी टोळी बसली होती, कालची वानरीही होती, पोटाशी पिल्लू धरून. सगळे माझ्याकडेच पाहत होते. भावनाबाईंच्या लेकीचं लग्न अजून व्हायचं होतं. मी तारेजवळून जाताना मुद्दाम अंग चोरलं, पोट आत घेतलं आणि दचकून दाखवलं. खरं सांगायचं तर मुद्दाम असं फारसं काही करावं लागलं नाही.